रुबी व्हॅलीचा तह: सरकारनेच करार मोडला तर मूळनिवासींनी दाद कुठे मागायची?

चौकस

अमेरिकेतल्या वेस्टर्न शोशोनी लोकांचं प्रकरण वाचतोय आणि एका ठिकाणी घोडं अडलंय. १ ऑक्टोबर १८६३ ला नेवाडातल्या रुबी व्हॅलीत त्यांचा अमेरिकी सरकारशी तह झाला. सरकारला त्यातून जाण्यायेण्याचा रस्ता, तारायंत्र, टपालगाड्यांचे थांबे, रेल्वे, खाणी आणि वस्ती एवढ्याची मुभा मिळाली. बदल्यात वीस वर्षं दरसाल ५,००० डॉलरचा माल द्यायचा होता. जमीन देऊन टाकली असं वाक्य तहात कुठेही नाही. तरीही आज त्या मुलखाचा बहुतेक भाग केंद्र सरकारच्या नावावर आहे आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टातही निकाल शोशोनींच्या विरुद्ध गेला.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) तह म्हणजे दोन राष्ट्रांमधला करार. मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात का जाता येत नाही?
२) २००२ मध्ये इंटर-अमेरिकन मानवी हक्क आयोगाने (अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेचा आयोग) शोशोनींच्या बाजूने निर्णय दिला असं वाचलं. त्याचं पुढे काय झालं?
३) दोन देशांच्या सहकार्यातून तहातला हक्क प्रत्यक्षात राखला गेला, असं एक तरी उदाहरण आहे का?

तळटीप

शोशोनी नेमके कशावर हरले ते आधी बघू. पुढे बाहेरच्या मंचांवर सगळी लढाई त्याच मुद्द्यावर झाली.

१९४६ मध्ये अमेरिकेने मूळनिवासींचे (तिथल्या कायद्याच्या भाषेत 'इंडियन') दावे ऐकायला इंडियन क्लेम्स कमिशन नेमलं. त्याला फक्त पैसे देता येत होते, जमीन परत द्यायचा अधिकारच नव्हता. १९५१ मध्ये शोशोनींमधल्या टिमोक गटाच्या नावाने दावा दाखल झाला. १९६२ मध्ये कमिशनने ठरवलं की गोऱ्या वसाहतवाल्यांचं अतिक्रमण हळूहळू वाढत गेलं आणि त्यात शोशोनींचा हक्क संपला. कोणत्या दिवशी संपला? याची सुनावणी कधी झालीच नाही. किंमत काढायला एक तारीख लागते म्हणून दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपसात १ जुलै १८७२ ही तारीख ठरवून टाकली. त्या दिवशी नेवाडात काहीही घडलेलं नाही. सुमारे २ कोटी ४० लाख एकरांचे सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर झाले ते या १८७२ च्या भावाने, एकरी एका डॉलरच्या आसपास.

आपल्याला पैसे नकोत, जमीन हवी, हे शोशोनींमधल्या अनेकांच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. दावा थांबवायचा अर्ज वेळेत आला नाही म्हणून फेटाळला गेला.

आता मेख बघा. कमिशनच्या कायद्यात लिहिलं होतं की भरपाई 'दिली' की त्या विषयातले सगळे दावे कायमचे संपले. शोशोनींनी तर रक्कम घेतलीच नव्हती. पण डिसेंबर १९७९ मध्ये सरकारने ती स्वतःच्याच खजिन्यात शोशोनींच्या नावे असलेल्या खात्यावर जमा केली. मेरी आणि कॅरी डॅन या बहिणींवर सरकारने १९७४ पासून परवान्याशिवाय गुरं चारल्याचा दावा लावला होता. त्यात १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकार शोशोनींचं विश्वस्त आहे, म्हणून सरकारने सरकारकडे पैसे जमा केले म्हणजे शोशोनींना ते 'दिले' गेले. देणारं सरकार, घेणारंही सरकार, आणि २ कोटी ४० लाख एकरांचा प्रश्न मिटला. जमिनीवरचा हक्क खरोखर कधी, कसा संपला याकडे कोर्टाने पाहिलंच नाही.

डॅन बहिणींनी १९९३ मध्ये इंटर-अमेरिकन आयोगाकडे अर्ज केला तो यावरच. आयोगाचा अंतिम अहवाल (७५/०२) डिसेंबर २००२ चा. आयोगाने जमीन कोणाची ते ठरवलं नाही. ज्या प्रक्रियेतून हक्क संपला असं मानलं गेलं, तिच्यात डॅन बहिणींना आपलं म्हणणं मांडायची खरी संधी मिळाली नाही आणि समाजाची पूर्ण माहितीनिशी संमती घेतली गेली नाही, असं आयोग म्हणाला. त्यामुळे अमेरिका खंडांतल्या देशांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यातल्या समानता, न्याय्य सुनावणी आणि मालमत्ता या तीन हक्कांचा भंग झाला. हा फरक महत्त्वाचा आहे. 'जमीन परत द्या' अशी मागणी घेऊन गेलात तर हे मंच हात आखडते घेतात. 'प्रक्रिया सदोष होती, ती नीट करा' म्हणालात तर ऐकतात.

अमेरिकेने निर्णय मानला नाही. ती अमेरिकन मानवी हक्क करारात सामील नसल्याने प्रकरण कोस्टारिकातल्या इंटर-अमेरिकन कोर्टापर्यंत नेताच येत नाही. आयोगाचा अहवाल हीच शेवटची पायरी. २००२ आणि २००३ मध्ये डॅन बहिणींची गुरं आणि घोडे जप्त करण्याच्या मोहिमा झाल्या. २००४ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) भरपाईची ती रक्कम माणशी वाटून टाकण्याचा कायदा केला. व्याजासह ती तोवर १४ कोटी डॉलरच्या वर गेली होती.

मग शोशोनी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीकडे गेले. अमेरिका १९९४ पासून वंशभेद निर्मूलनाच्या करारात आहे, पण वैयक्तिक तक्रारीचं कलम १४ तिने स्वीकारलेलं नाही. म्हणून त्यांनी 'पूर्वसूचना आणि तातडीची कारवाई' हा दुसरा मार्ग धरला. मार्च २००६ मध्ये समितीचा निर्णय आला: वडिलोपार्जित जमिनीचं खाजगीकरण थांबवा, चराई शुल्क आणि अतिक्रमणाच्या नोटिसा बंद करा, गुरं जप्त करू नका, आणि काय केलं ते १५ जुलै २००६ पर्यंत कळवा. सोन्याच्या उघड्या खाणी आणि अणुकचरा हे विषयही त्यात आले.

जमीन परत आली का, तर नाही. मेरी डॅन २००५ मध्ये गेल्या, कॅरी डॅन २०२१ मध्ये.

कोर्टपायरी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि कडूही. हेगच्या न्यायालयाच्या घटनेचं कलम ३४ सांगतं की पक्षकार फक्त राष्ट्रंच असू शकतात. तह करताना राष्ट्र, दाद मागताना मात्र नाही, ही अडचण जुनी आहे. १९२३ मध्ये कयुगा जमातीचे प्रमुख देस्काहे, कयुगा ज्यात मोडतात त्या हौदेनोसौनी या जमातींच्या संघाचा स्वतःचा पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) गेले. नेदरलँड्सने त्यांचा अर्ज पुढे केला, इराण, आयर्लंड, एस्टोनिया आणि पनामा यांनीही पाठिंबा दिला. ब्रिटन आणि कॅनडाने विषय पटलावर येऊच दिला नाही. १९२६ मध्ये कयुगांना मिळायच्या वार्षिक रकमेबद्दल ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात लवाद झाला. लवाद स्पष्ट म्हणाला की इंडियन जमात हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला घटक नाही. तिथेही कयुगांची बाजू त्यांनी स्वतः मांडली नाही, ब्रिटनने मांडली.

म्हणून आज अर्ज लिहिण्याआधी कोणतं दार उघडं आहे ते तपासावं लागतं, आणि ते देशागणिक बदलतं. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेला, वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल कॅनडा, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने स्वीकारला आहे, अमेरिकेने नाही. कॅनडातल्या जमातीला त्या कराराच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करता येते, सीमेपलीकडच्या तिच्याच भाऊबंदांना येत नाही.

दार उघडं असलं तरी अर्ज कुठे पडतात ते सांगतो.

सगळ्यात जास्त अर्ज देशांतर्गत उपाय संपवले नाहीत या कारणावर बाद होतात. शेवटच्या अपिलाचा निकाल जोडावा लागतो. अपिलाला अर्थच नव्हता असं म्हणायचं असेल तर ते पुराव्याने दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही. मग मुदत. इंटर-अमेरिकन आयोगाकडे अंतिम निकालापासून सहा महिने, वंशभेद समितीच्या कलम १४ खालीही सहा महिने. मानवी हक्क समितीकडे पाच वर्षांनंतर आलेला अर्ज प्रक्रियेचा गैरवापर ठरू शकतो. एकच प्रकरण एकाच वेळी दोन तक्रार-मंचांवर टाकलं तर मानवी हक्क समिती ते हातात घेत नाही.

कलम चुकीचं लावणं हा तिसरा खड्डा. तहाचा विषय म्हणून सगळे नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं स्वयंनिर्णयाचं कलम १ लावतात. ल्युबिकन क्री विरुद्ध कॅनडा या प्रकरणात समितीने सांगितलं की वैयक्तिक तक्रारीत कलम १ चालत नाही. तिने ते प्रकरण अल्पसंख्याकांच्या संस्कृतीच्या कलम २७ खाली घेतलं आणि भंग झाल्याचं म्हटलं. तेव्हा अर्ज कलम २७ वर बांधायचा: कोणते शिकारीचे माग, कोणतं तळं, किती कुटुंबं त्यावर जगत होती, तेलविहिरी कधी आल्या. वेळेचा अंदाज हवा असेल तर ल्युबिकनांचा अर्ज १९८४ चा, समितीचा निर्णय १९९० चा आणि जमिनीचा समझोता २०१८ चा.

उपाय संपायची वाट न बघता जाता येतं अशी दारंही आहेत. शोशोनींनी वापरलेली पूर्वसूचना प्रक्रिया, आणि मूळनिवासींच्या हक्कांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. प्रतिवेदकांनी पत्र पाठवलं की उत्तराला सरकारला ६० दिवस मिळतात, नंतर पत्र जाहीर होतं. बुलडोझर उद्या येणार असेल तर हेच आधी. शिवाय दर साडेचार-पाच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा आढावा होतो. त्यात संस्थेला एकटीने २,८१५ शब्द आणि एकत्रित निवेदनात ५,६३० शब्द मिळतात. मर्यादेबाहेर गेलं की निवेदन घेत नाहीत. म्हणून तहाचा इतिहास दोन परिच्छेदांत उरका. जागा मागणीला ठेवा, आणि मागणी अशी लिहा की दुसऱ्या देशाच्या प्रतिनिधीला ती दोन मिनिटांत जशीच्या तशी वाचता यावी.

चौकस

दोघांचेही आभार. पण मग कळीचा प्रश्न उरतोच. अमेरिकेने आयोगाचंही ऐकलं नाही, समितीचंही नाही. मग हा सगळा कागद कशासाठी?

तळटीप

घरातल्या राजकारणात टेकू म्हणून. न्यूझीलंड बघा. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की किनाऱ्यावर आणि समुद्रतळावर माओरींचा पारंपरिक हक्क आहे का, हे माओरी भूमी न्यायालयात तपासता येईल. सरकारने २००४ मध्ये कायदा करून ती वाटच बंद केली. माओरी वंशभेद समितीकडे गेले. मार्च २००५ मध्ये समितीने कायद्यात भेदभाव दिसतो असं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विशेष प्रतिवेदक रोडोल्फो स्टाव्हेनहागन देशात येऊन गेले. या कायद्यावरूनच माओरी पक्ष उभा राहिला होता आणि पुढे तो सत्ताधाऱ्यांचा साथीदार झाला. २०११ मध्ये कायदा रद्द होऊन दुसरा आला. नव्या कायद्यावरही माओरी समाधानी नाहीत, पण कोर्टाची वाट पुन्हा उघडली. जिनिव्हाचा निर्णय एकटा हे करू शकला नसता. देशात मतं होती म्हणून त्याला धार आली. नेवाडात शोशोनींकडे ती मतसंख्या नाही.

नदीकाठ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सॅमन माशात आहे. तक्रार-मंचांच्या चर्चेत ते कायम बाजूला पडतं याचं वाईट वाटतं.

१८५४-५५ मध्ये वॉशिंग्टन प्रदेशातल्या जमातींनी तहांमधून जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी इतर नागरिकांच्या 'बरोबरीने' मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी त्याचा अर्थ लावला: पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा जमातींचा. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मूलतः कायम ठेवला.

पण निम्मा कशाचा? वॉशिंग्टनच्या नदीत जन्मलेला चिनूक सॅमन समुद्रात उतरून उत्तरेला जातो, कॅनडाच्या किनाऱ्याने अलास्कापर्यंत, आणि काही वर्षांनी अंडी घालायला परत येतो. वाटेत अलास्काची आणि कॅनडाची जाळी. नदीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मासाच उरला नाही तर शून्याचा निम्मा शून्यच. कॅनडाच्या बोटीवर अमेरिकी न्यायाधीशाचा हुकूम चालत नाही. तहातला हक्क राखायचा तर दोन देशांचा करार हवाच होता, आणि त्यासाठी जमातींनी स्वतः जोर लावला. अलास्कातली मासेमारीही वाटपाच्या हिशेबात धरावी म्हणून याकामा आणि इतर जमातींनी केंद्र सरकारवर दावाही लावला होता.

१९८५ मध्ये पॅसिफिक सॅमन करार झाला. त्याची अंमलबजावणी करणारा अमेरिकी कायदा वाचण्यासारखा आहे. अमेरिकेच्या बाजूने चार आयुक्त: एक अलास्काचा, एक वॉशिंग्टन-ओरेगॉनचा, एक तह असलेल्या जमातींचा आणि एक केंद्र सरकारचा. केंद्राच्या आयुक्ताला मत नाही. उरलेल्या तिघांचं एकमत झालं तरच अमेरिकेची बाजू ठरते. म्हणजे जमातींचा आयुक्त नाही म्हणाला तर अमेरिकेला कॅनडासमोर भूमिकाच मांडता येत नाही. तज्ज्ञांच्या समित्यांमध्येही जमातींचे जीवशास्त्रज्ञ बसतात, आणि आकडे तिथेच ठरतात.

आकडे येतात कुठून तेही सांगतो. पैदास केंद्रात पिल्लाच्या नाकाच्या कूर्चेत यंत्राने स्टीलच्या तारेचा तुकडा घालतात. लांबी १.१ मिलिमीटर, जाडी पाव मिलिमीटर, त्यावर सांकेतिक क्रमांक. खूण म्हणून पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर छाटतात. पुढे अलास्काच्या धक्क्यावर पर नसलेला मासा आला की त्याचं डोकं कापून प्रयोगशाळेत जातं, तिथे तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. कोणत्या नदीचा मासा कोणाच्या जाळ्यात गेला, हे असं कळतं.

१९९० च्या दशकापासून यात एक बिघाड शिरला. हौशी मच्छीमारांना पैदास केंद्रातला मासा ओळखता यावा म्हणून तिथल्या सरसकट सगळ्या पिल्लांचा पर छाटायला सुरुवात झाली. आता पर नाही म्हणजे आत तार आहे, असं म्हणता येत नाही. प्रत्येक डोक्यावरून विद्युत शोधक फिरवावा लागतो, आणि ज्या बंदरात तो फिरवत नाहीत तिथला नमुना निरुपयोगी होतो. शिवाय पर नसलेलाच मासा ठेवायचा आणि पर असलेला सोडून द्यायचा, अशी मासेमारी जिथे चालते तिथे खुणेचा मासा रानटी माशाचा प्रतिनिधी राहत नाही. यावर तोडगा म्हणून दोन जोडगट सोडतात, दोघांतही तार, पण पर फक्त एकाचाच छाटलेला. खर्च वाढतो, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री इथेच लागते. नमुना बिघडला की जमातीच्या निम्म्याचा हिशेब बिघडतो, तहातलं एक अक्षरही न बदलता.

करारही सुरळीत चालला असं नाही. १९९० च्या दशकात कित्येक वर्षं मासेमारीच्या मर्यादांवर दोन्ही देशांचं एकमत होत नव्हतं, ते १९९९ मध्ये झालं. करारातली मर्यादांची सध्याची कलमं २०१९ ते २०२८ साठी आहेत. त्यात मासा कमी असेल तेव्हा आग्नेय अलास्काच्या चिनूक मर्यादेत ७.५ टक्क्यांपर्यंत आणि व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर १२.५ टक्क्यांपर्यंत कपात आहे. २०२८ नंतरच्या वाटाघाटीत जमातींचा आयुक्त काय पदरात पाडतो, यावर बोल्ट निकालाचं खरं वजन अवलंबून राहील.

डांगी

नदीकाठ यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. एक जवळचा संदर्भ. नाशिक-धुळ्याला लागून असलेल्या डांगात इंग्रजांनी १८४२ मध्ये सागवानासाठी भिल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. आजही आहव्याला होळीच्या आधी डांग दरबार भरतो आणि राजांच्या वंशजांना सालियाना मिळतो. जंगल मात्र वनखात्याचं. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण आमचे सगळेच नागरिक मूळनिवासी, अशी भूमिका घेऊन. त्या जाहीरनाम्याचं कलम ३७ तह आणि करार पाळण्याबद्दल आहे. अशा भाडेपट्ट्यांना ते लावता येईल का, यावर कोणी नीट काम करावं असं मनापासून वाटतं.

चौकस

शेवटचं एक. अर्जाला तहाचा मजकूर जोडताना काय काय जोडावं?

कोर्टपायरी

छापील इंग्रजी मसुद्यावर थांबू नका. सह्या झाल्या तो मजकूर आणि सिनेटने मंजूर केला तो मजकूर, दोन्ही जोडा, कारण मधल्या काळात शब्द बदललेले असू शकतात. वाटाघाटींचं इतिवृत्त असेल तर तेही. दुभाषा कोण होता आणि बोलणी कोणत्या भाषेत झाली, हे वेगळ्या परिच्छेदात लिहा. नदीकाठ यांनी सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या तहांची बोलणी चिनूक जार्गन या सुमारे ३०० शब्दांच्या व्यापारी बोलीतून झाली होती. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये त्याची दखल घेतली आणि तहाचा अर्थ जमातींना तेव्हा जो समजला असेल तसा लावला. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या वाइटांगीच्या १८४० च्या तहाचं तर सगळं भांडणच दोन मजकुरांचं आहे. इंग्रजीत माओरींनी सार्वभौमत्व दिलं असं लिहिलंय, माओरीत 'कावानातांगा' म्हणजे राज्यकारभार असा शब्द आहे. ५०० हून अधिक प्रमुखांच्या सह्यांपैकी बहुतेक सगळ्या माओरी प्रतींवर आहेत. तेव्हा मूळ भाषेतली प्रत आधी, तिचं जमातीच्याच जाणकाराने केलेलं शब्दशः भाषांतर तिच्या खाली, आणि सरकारी इंग्रजी प्रत शेवटी लावा.